एचडीएमआय २.२ साठी थांबावे, की छतातली केबल आत्ताच टाकून घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्या घरात टीव्ही युनिटपासून प्रोजेक्टरपर्यंत सुमारे बारा मीटर केबल फॉल्स सीलिंगमधून न्यायची आहे, पीओपीचे काम सुरू व्हायच्या बेतात आहे आणि दुकानदार ‘२.२ ची केबल येऊ द्या’ म्हणतो. शिवाय सध्याच्या घरात चित्रपट पाहताना पडदा मधूनच काळा होतो, तो त्रास नव्या केबलने जाईल का? माझे मत असे की थांबू नये, आणि केबलच्या आधी ती ज्यातून जाणार त्या पाइपचा विचार करावा.

एचडीएमआय म्हणजे प्लेअरपासून टीव्ही किंवा प्रोजेक्टरपर्यंत चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी जोडणी; तिच्या २.२ या आवृत्तीचे मानक जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची कमाल क्षमता सेकंदाला ९६ गिगाबिट आहे, म्हणजे २०१७ च्या २.१ च्या बरोबर दुप्पट, आणि त्या वेगासाठी ‘अल्ट्रा९६’ नावाची प्रमाणित केबल ठरवली आहे. मात्र चित्रपट बहुतेक करून सेकंदाला २४ फ्रेमचे असतात, आणि दहा बिट रंगांच्या फोर-के चित्रपटाला सुमारे ११ गिगाबिट पुरतात; जुन्या २.० ची मर्यादाही १८ होती. मुलांना गेम खेळायचे असतील आणि फोर-के १२० फ्रेमने हवे असेल, तर मागणी ४० गिगाबिटच्या आसपास जाते, तीही २.१ च्या ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबलमध्ये बसते. प्रोजेक्टरच मागत नाही त्या वेगासाठी घराचे काम अडवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

पडदा काळा होण्याची कारणे मात्र नीट वेगळी करायला हवीत. मेनूमधून चित्रपट सुरू होताना दोन-तीन सेकंद अंधार होऊन चित्र येत असेल, तर तो दोष नव्हे; फ्रेमचा वेग किंवा एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणारी चित्रपद्धत) बदलले की दोन्ही उपकरणे सिग्नलचे स्वरूप आणि कॉपी-संरक्षणाची खातरजमा नव्याने करतात, त्याचा तो वेळ असतो. चालू दृश्यातच चित्र जात असेल, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वर आणून तोच चित्रपट पुन्हा लावून पाहा. त्रास थांबला तर केबलवर संशय घ्यावा. नाही थांबला तर रिसीव्हर (आवाज स्पीकरना देऊन चित्र पुढे पाठवणारे उपकरण) मध्ये न घेता प्लेअर थेट प्रोजेक्टरला जोडून पाहावा. २०२० मध्ये बाजारात आलेल्या काही रिसीव्हरांमधील चिपच सदोष होती आणि फोर-के १२० चा सिग्नल पुढे जाताना पडदा काळा होत असे. तिथे कितीही महागडी केबल आणली असती तरी उपयोग नव्हता. आणखी एक खूण सांगतो: १८ गिगाबिटपर्यंतच्या जुन्या पद्धतीत केबल कमी पडू लागली की चित्रावर पांढरे ठिपके चमकतात, तर २.१ च्या पद्धतीत चुका दुरुस्त करण्याची सोय असल्यामुळे एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष राहते आणि ती ओलांडली की ते एकदम जाते.

बारा मीटरसाठी साध्या तांब्याच्या केबलचा आग्रह धरू नका. ४८ गिगाबिटचा वेग तांब्यात साधारण पाच मीटरपर्यंतच भरवशाचा राहतो. तुम्हाला ऑप्टिकल, म्हणजे सिग्नल प्रकाशाच्या रूपात नेणारी केबल लागेल. तिला दिशा असते. एका प्लगवर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असे छापलेले असते, आणि उलटी ओढली गेली तर चित्र येतच नाही, म्हणून केबल टाकताना स्वतः उभे राहा. दोन्ही प्लगच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असते आणि कधी ना कधी ते निकामी होणार, हे गृहीत धरूनच केबल बदलता येईल अशी सोय हवी. प्लगचा धातूचा भागच सुमारे १४ मिलिमीटर रुंद असतो आणि भोवतीचे कवच त्याहून मोठे, त्यामुळे वायरिंगच्या नेहमीच्या २५ मिलिमीटर पाइपमध्ये, विशेषतः वळणावर, तो अडकतो. इलेक्ट्रिशियनला ५० मिलिमीटरचा पाइप, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड आणि आत कायमची ओढवायर टाकायला सांगा. सोबत नेटवर्कची एक कॅट-६ केबलही टाकून ठेवा.

खरेदी करताना केबलवर छापलेल्या ‘२.१’ वर विसंबू नका. केबलची ओळख आवृत्तीच्या आकड्याने नव्हे, तर प्रमाणपत्राच्या नावाने होते. खोक्यावरचे लेबल एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून पाहा आणि तुम्ही घेत आहात त्याच लांबीचे प्रमाणपत्र आहे ना, याची खात्री करा.

नव्या मानकातील एका गोष्टीचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते, ती म्हणजे रिसीव्हर किंवा साउंडबार मध्ये असताना आवाज आणि ओठांची हालचाल जुळवण्यासाठी आणलेली व्यवस्था. पण तिच्यासाठी उपकरणेच नवी लागतील. तोवर आणलेली केबल जमिनीवर अंथरून, तुमच्याच प्लेअर-प्रोजेक्टरवर एक अख्खा चित्रपट चालवून पाहा, आणि मगच पीओपीवाल्याला छत बंद करू द्या.