आधी गळालेली पोरं शोधा

मॅडम, रुजू झाल्या झाल्या कॉलेज सावरण्याचा आराखडा लिहायला बसू नका. मी बसलो होतो. चाळीस पानांची ती फाईल अजून कपाटातच आहे.

आधी हजेरीपट घ्या, गळालेली नावं गावागावानुसार लावा. कोरोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग उघडले आणि लगेच एसटीचा संप लागला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणत बसलो, पोरांची गोडीच गेली. अन् पोरं फाट्यावर उभी होती!

कापूस वेचणीच्या दिवसांत कुणी गैरहजर दिसला म्हणून नाव कापू नका, घरी जा. एका मुलीच्या आईनं ओसरीतूनच विचारलं, "फी मांगाले आले का जी?" त्या बाकी फीपायीच पोरगी घरी बसली होती. हप्ते पाडून दिले, सोमवारी वर्गात.

दुसरं, पोर्शन पळवू नका. कोरोनात मोबाईलवर पर्याय टिचकवून परीक्षा पास झालेल्या आमच्या मुलांचा हात चार ओळींनंतर थांबायचा. रोज एक पान लिहून घ्या.

स्मार्ट क्लासरूम वगैरे पुढच्या वर्षी बघू. सध्या दर गावातल्या एका विद्यार्थ्याचा आणि त्याच्या घरचा नंबर वहीत उतरवा. वहीतच, पावसाळ्यात इथं टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो.