तंबूत शेगडी चालेल का?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र डिसेंबरात लोकलने कर्जतजवळच्या एका खुल्या संगीत महोत्सवाला मुक्कामी जाणार आहोत. आयोजकांची आगीला बंदी आहे. तरी चहापुरती छोटी गॅसची शेगडी तंबूत चालेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : चालणार नाही, आणि ती लोकलमधूनही नेऊ नये, १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४नुसार धोकादायक वस्तू बेकायदा नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तंबूचे नायलॉन पेटले की वितळून अंगाला चिकटते, गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने नेमका अंथरुणाच्या पातळीलाच साचतो, आणि बंद तंबूत शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो. चहा थर्मासमधून न्यावा (आल्याचा असल्यास उत्तमच) आणि उजेडासाठी मेणबत्तीऐवजी बॅटरी घ्यावी. आग दिसलीच, तर सामान आवरत न बसता बाहेर पडून १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.