पंखाच्या कापडाला झोळ पडलाय, इस्त्री फिरवून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन आसनी जुन्या विमानाच्या डाव्या पंखावर, वरच्या अंगाला, दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या फासळ्यांच्या) मधलं कापड सैल झालंय. इंजिन चालू असताना ते थरथरतं. वरून डोपचा (कापडावर लावायच्या, वाळल्यावर आकसणाऱ्या लाखेसारख्या द्रावाचा) एक हात मारला किंवा इस्त्री फिरवली तर काम होईल का?

कदाचित होईलही. पण थरथर डोळ्यांना दिसत असेल तर कारण सापडेपर्यंत विमान उडवू नका. पंखाच्या उचलीचा मोठा वाटा वरच्या पृष्ठभागावरच्या कमी दाबातून येतो, म्हणजे उडताना ते कापड सतत वर ओढलं जात असतं. त्याला धरून ठेवतात ते रिबांवरचे टाके. सैल कापड दर सेकंदाला कितीतरी वेळा फडफडतं आणि टाक्याच्या भोकापाशी झिजत जातं. एक टाका तुटला की त्याचा भार शेजारच्यावर पडतो.

आता माझी फजिती सांगतो. काम शिकत असताना एका पंखाला मुळाजवळ असाच झोळ दिसला. पॉलिएस्टरचं कापड होतं, मी इस्त्री घेतली आणि अर्ध्या तासात ते ढोलकीच्या पुडीसारखं ताणून दिलं. पंधरा दिवसांत झोळ परत हजर. ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या काकांनी कापडाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "सुरकुत्या कुठल्या दिशेला होत्या?" तिरक्या होत्या, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे. तपासणीची झाकणं काढून आत बॅटरी मारली, आरसा फिरवला. पंखाच्या आत चौकट काटकोनात ठेवणाऱ्या तारा फुलीसारख्या बसवलेल्या असतात, त्यातली एक बोटाने छेडल्यावर वाजेचना. लॉकनट सुटून तार ढिली झाली होती आणि पंखाची ती चौकट थोडी कलली होती. मी इस्त्री करून दोष लपवला होता, दुसरं काही नाही. शेवटी तिथलं कापड कापून उघडावं लागलं, दोन्ही कर्ण मोजून चौकट सरळ केली आणि मग नवं कापड चढवलं.

म्हणून आधी सुरकुत्या वाचा. तिरक्या असतील तर आतला सांगाडा तपासा. मागच्या कडेजवळच झोळ असेल तर तिथला गोंद सरकलाय का, किंवा कडाच वाकलीय का ते पाहा. एखाद्या रिबवर कापड फुग्यासारखं वर उचललं जात असेल तर दोरा तुटलाय किंवा रिब मोडलीय. एकाच कप्प्यात सगळीकडून सारखा सैलपणा असेल, टाके आणि कडा शाबूत असतील, तरच कापडावर संशय घ्यावा. अंगठ्याने दाबून पाहताना उजव्या पंखाचा तोच कप्पाही दाबा. तुलनेसाठी याहून चांगलं मोजमाप तुमच्याकडे नाही.

पुढचा प्रश्न, कापड कुठलं? सगळं उत्तर यावर फिरतं.

सुती कापड असेल तर ते इस्त्रीने आकसत नाही, त्याला ताण देतो तो डोप. दमट हवेत सुती कापड थोडं सैल पडतं, कोरड्या हवेत ताठ होतं, इतपत फरक दोष धरू नये. पण जुनं सुती कापड कायमचं ढिलं पडलं असेल तर डोपच्या आधी मजबुती तपासा. हलक्या विमानांसाठीचं ग्रेड ए सुती कापड नवं असताना एका इंच रुंदीला 80 पौंड ताण सहन करतं, आणि 56 पौंडांच्या खाली आलं की बाद, म्हणजे 70 टक्के ही सीमा. कमी वेगाच्या, कमी भाराच्या विमानांना याहून हलकं कापड चालतं, त्याची सीमाही खाली असते. नमुना पंखाच्या वरच्या बाजूचा, गडद रंगाखालचा घ्या, कारण ऊन सगळ्यात जास्त तिथेच खाल्लेलं असतं. 'रिजुवेनेटर' नावाचं जे द्रावण मिळतं ते तडकलेल्या डोपला मऊ करतं, विरलेल्या धाग्यात जीव घालत नाही. बाहेरून चकचकीत आणि आतून जीर्ण अशा पंखाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

पॉलिएस्टर असेल तर उलटा हिशोब. त्याला ताण मिळतो उष्णतेने, आणि त्यावर ताण आणणारा डोप चढवला तर डोप वर्षानुवर्षं आकसत राहतो, एक दिवस रिबाच वाकवतो. हे कापड साधारण 121 अंश सेल्सिअसला पहिल्यांदा, मग 149 ला, आणि शेवटी 177 ला ताणतात. शेवटच्या तापमानाला ते मूळ मापाच्या सुमारे दहा टक्के आकसतं आणि तिथे त्याचा ताण पक्का होतो. कुणी घाईत पहिल्या टप्प्यावरच थांबलं असेल तर ते पुढे सैल पडू शकतं. तुमच्या झोळाचं हेही कारण असू शकतं, आणि असलंच तर सर्वात सोपं. 177 च्या फार वर मात्र जाऊ नका. तापमान आणखी चढलं की कापड ढिलं पडू लागतं, आणि ते नुकसान परत भरून येत नाही.

इथेच घरगुती इस्त्री दगा देते. तिच्या चकतीवर 'कॉटन', 'सिल्क' लिहिलेलं असतं, अंश नसतात. त्यात थर्मोस्टॅट बंद-चालू होताना तापमान वरखाली होत राहतं. थर्मोमीटर इस्त्रीच्या तळाला लावा, मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट घाला, दोन-तीन आवर्तनं होऊ द्या आणि चकतीवर स्वतःच्या खुणा करा. इस्त्री वाफेची नको. हीट गन तर मुळीच नको, कापडावर नेमके किती अंश पडताहेत ते तिच्यात कळत नाही.

रंगवलेल्या कापडावर इस्त्री फिरवता येते का, हे त्या पंखावर कुठली पद्धत वापरली आहे त्यावर ठरतं. काही लेप लवचिक असतात, सांभाळून केलेली इस्त्री सोसतात. पॉलियुरेथेनचा कडक रंग तडकू शकतो. आणि खाली नायट्रेट डोप असेल तर इस्त्रीचा विचारच सोडा. तो नायट्रोसेल्युलोज आहे, स्फोटक कापसाचा सख्खा चुलतभाऊ, भडका उडायला वेळ लागत नाही. विमानाच्या नोंदवहीत कापड कधी आणि कुठल्या पद्धतीने चढवलं ते लिहिलेलं असायला हवं. नसेल तर आधी तेच शोधा, आणि त्या पद्धतीच्या पुस्तिकेत जे सांगितलंय त्यापलीकडे जाऊ नका.

परवानगी असेल तर काम हळूहळू करा. एकाच कप्प्याला पूर्ण ताण देऊन पुढे सरकू नका, शेजारच्या रिबा ओढल्या जातात. वरून थोडं, खालून थोडं, आणि मागची कडा दर फेरीला डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. ती लाटेसारखी दिसू लागली की थांबा.

रात्री पंखाच्या आत दिवा लावून बाहेरून पाहायलाही विसरू नका. पॉलिएस्टरचा खरा शत्रू अतिनील किरणं, त्यांना अडवतो तो चंदेरी ॲल्युमिनियमचा थर. कुठे उजेड झिरपत असेल तर तिथलं कापड उन्हात भाजतंय, मग ते कितीही ताणलेलं असो.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरची हलती पाती) आणि शेपटीच्या हलत्या भागांचं कापड सैल असेल तर तिथे स्वतः हात घालू नका. एखादा जादा थरसुद्धा त्यांचा तोल बिघडवतो आणि हवेत फ्लटर, म्हणजे आपोआप वाढत जाणारी धोक्याची थरथर, सुरू होऊ शकतं. अल्ट्रालाइटवर (अगदी हलक्या छोट्या विमानावर) शिवून आणलेलं, दोरीने आवळलेलं डॅक्रॉनचं (तेही पॉलिएस्टरच) आवरण असेल, तर वरचं इस्त्रीचं काहीच लागू नाही. तिथे दोऱ्या आणि पट्ट्या आवळायच्या असतात.

विमान प्रमाणित असेल तर या दुरुस्तीवर परवानाधारक अभियंत्याची सही लागते, म्हणून त्यालाच पहिल्या दिवशी बोलवा. तोवर कापड सुती की पॉलिएस्टर आणि सुरकुत्या सरळ की तिरक्या, एवढं इथे कळवा. तिरक्या निघाल्या तर आधी आतल्या तारा छेडून बघा.