पिल्लांची कोंबडी रात्री कुठे डालावी?

प्रश्न : आमच्या गावठी कोंबडीने रवणीतून अकरा पिल्ले काढली. ती आता दहा दिवसांची आहेत. रात्री आम्ही तिला पिल्लांसह पडवीत डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या उपड्या टोपलीखाली, डालतो आणि पावसाळी गारवा असल्यामुळे वरून गोणपाट टाकतो. गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी एकेक पिल्लू कमी भरले. रक्त सांडलेले नव्हते की पीस पडलेले नव्हते. शेजारी हे मुंगसाचे काम असल्याचे सांगतात. उबेसाठी बल्ब लावावा का, आणि या सर्वांना मोठ्या खुराड्यात इतर कोंबड्यांबरोबर ठेवले तर चालेल का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : मुंगूस पिल्ले नेते हे खरे, पण ते मुख्यतः दिवसा हिंडणारे जनावर आहे. रात्री बंद डालग्याखालून, मागमूस न ठेवता पिल्लू नाहीसे होत असेल, तर आधी घूस आणि साप यांचा संशय घ्यावा. पडवीची जमीन मातीची असल्यास डालग्याच्या काठालगत वाकून पाहा. उकरलेली ताजी माती किंवा भिंतीच्या कडेला नवे बीळ दिसले, तर चोर घूसच आहे असे समजावे. साप असली खूण ठेवत नाही, म्हणून सकाळी डालगे उचलताना हात घालण्यापूर्वी आत नीट पाहावे.

डालगे दिवसा घारीपासून आणि कावळ्यांपासून पिल्लांचे रक्षण चांगले करते. रात्री मात्र त्याला तळ नसणे हाच मोठा दोष ठरतो. शिवाय जुन्या डालग्याची वीण सैल झालेली असते आणि त्यावर चारी बाजूंनी गोणपाट लपेटले की आतली हवा कोंडते. तेव्हा रात्रीसाठी लाकडी खोका करून घेणे उत्तम. सुमारे 2 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच खोका एका कोंबडीला व दहा-बारा पिल्लांना या वयात पुरतो. तळ फळीचा असावा, खोका चार विटांवर ठेवावा आणि हवेसाठी वरच्या भागात रुंद झरोका ठेवून त्यावर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोकावी. षट्कोनी छिद्रांची नेहमीची कोंबडीजाळी येथे उपयोगाची नाही. तिच्यातून लहान साप सहज शिरतो. झरोका खाली ठेवल्यास झोताचा वारा थेट पिल्लांवर येतो, म्हणून तो कोंबडीच्या डोक्याच्या वरच असावा. दाराला नुसता दोरा न बांधता कडी लावावी, कारण मांजर पंजाने सैल दार उघडते.

तळाशी दोन इंच कोरडे भाताचे तूस पसरावे. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद अंथरू नये. त्यावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि काही पिल्ले कायमची अधू होतात. पाण्याचे भांडे रात्री आत ठेवण्याची गरज नाही, कारण अंधारात पिल्ले पीत नाहीत आणि सांडलेल्या पाण्याने तूस मात्र भिजते. पावसाळ्यात खरा धोका थंडीपेक्षा ओलीचा असतो: ओल्या, उबदार तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. सकाळी भिजलेला कोपरा उचलून टाकावा आणि खोका उघडताच अमोनियाचा झणका आला, तर सगळे तूस बदलावे.

बल्बची आवश्यकता नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि तेवढी आईच्या पोटाखाली मिळते. उलट उजेड असला की पिल्ले आईखालून बाहेर येऊन भटकत राहतात, आणि तुसाजवळचा तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रणच. ऊब पुरते की नाही हे कानाने ओळखता येते. अंधार पडल्यावर थोडा वेळ खोक्यापाशी थांबावे. आतून बारीक, दबकी किलबिल येऊन शांत झाली, तर सारे ठीक आहे. एकच पिल्लू उंच, तुटक आवाजात ओरडत राहिले, तर ते पंखाबाहेर राहिलेले असते. त्याला मागच्या बाजूने हळूच पोटाखाली सरकवावे. समोरून हात नेल्यास कोंबडी चोच मारते.

मोठ्या खुराड्यात इतक्यात मुळीच नेऊ नये. इतर कोंबड्या पिल्लांना टोचतात. त्यातच तेथे दांडी असली, तर आई सवयीने वर जाऊन बसते आणि पिल्ले खाली जमिनीवर गारठतात. याच कारणाने रात्रीच्या खोक्यातही दांडी लावू नये. साधारणपणे सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लांना पिसे भरतात आणि आई त्यांना टोचून दूर करू लागते. त्यानंतर एखाद्या रात्री, कोंबड्या झोपल्यावर, सर्व पिल्ले एकदम खुराड्यात सोडावीत आणि त्यांच्यासाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर वेगळी दांडी बांधावी. त्याआधी खुराड्याच्या फटींना चुन्याचा हात द्यावा, कारण दिवसा तेथे दडून रात्री रक्त पिणारे बारीक कीटक वाढत्या पिल्लांना फार लवकर अशक्त करतात.