पस्तीस हजारांची सही: दोघांनी एकाच दिवशी करू नये

पेडणे तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव, हॉटेल आणि जहाज गाळून ते थोडक्यात देतो.

“मी किनाऱ्यावरच्या हॉटेलात नऊ वर्षं हाउसकीपिंगला आहे. हातात १६,५०० येतात, सीझनला सर्व्हिस चार्ज आणि टिपा धरून वर साडेतीन हजार. मिस्टर शॅकवर, म्हणजे वाळूवरच्या हंगामी हॉटेलात, वेटर आहेत. पगार १५,००० रोख, टिपा महिन्याला दहाएक हजार. फेब्रुवारीच्या मध्याला एका मालवाहू जहाजाचं तेल किनाऱ्याला लागलं. शॅक बंद पडला तो सीझन संपेपर्यंत बंदच. आमच्या हॉटेलात बुकिंग रद्द झाली, मार्चपासून एक दिवस आड ड्युटी आणि अर्धा पगार. चार दिवस आम्ही बायकांनी तेलाने माखलेल्या खुर्च्या रॉकेलने पुसल्या, हाताला अजून खाज येते. आता जहाजाच्या विम्यातर्फे एक माणूस येऊन प्रत्येक कामगाराला ३५,००० देतो म्हणतोय. १५ जूनपर्यंत सही करायची, नंतर काही मिळणार नाही. दुसरा एक जण म्हणतो, सही करू नका, मी दोन-दोन लाख काढून देतो, ३० टक्के माझे. पतसंस्थेत ९०,००० चं सोनं गहाण आहे, १२ टक्क्यांनी. दोघांचे ७०,००० आले तर बहुतेक सुटेल. सासूबाई म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. काय करू?”

ताई, पत्राबरोबर तुम्ही त्या कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. आकड्यांच्या आधी मी तोच वाचला. त्यात लिहिलंय, ‘मी व माझे कुटुंबीय’ या घटनेमुळे झालेल्या ‘व पुढे होणाऱ्या’ कोणत्याही नुकसानीबद्दल, आजाराबद्दल दावा करणार नाही. म्हणजे उद्या तुम्ही सही केलीत की तुमच्या मिस्टरांचाही दावा संपला, असं तो माणूस म्हणू शकतो. तुमच्या हाताची खाजही त्यात गेली आणि येत्या ऑक्टोबरचा सीझन पडला तर तोही गेला. ३५,००० हा आकडा वाईट नाही. कागद वाईट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर निम्मा गुंता इथेच सुटतो.

आता हिशेब, आधी तुमचा. फेब्रुवारीच्या अर्ध्या महिन्यात टिपांचे गेले १,७५०. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत पगाराचे ८,२५० आणि वरचे ३,५०० असे महिन्याला ११,७५० गेले, म्हणजे ३५,२५०. एकूण बरोबर ३७,०००. पावसाळ्यात तुमचं हॉटेल दर वर्षीच एक बाजू बंद ठेवतं आणि तुम्हाला दिवसाआड बोलावतं, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा जून ते सप्टेंबरचा अर्धा पगार तेलाच्या खात्यावर घालू नका. घातलात तर खरा हिशेबही खोटा वाटायला लागेल.

मिस्टरांचं असं. साडेतीन महिने, महिन्याला २५,०००, म्हणजे ८७,५००. त्यातून एप्रिलमध्ये लग्नाच्या केटरिंगला जाऊन मिळवलेले १७,५०० वजा. हे लपवायचे नाहीत. समोरचा शोधून काढतोच, आणि मग बाकीच्या कागदांवरही शंका घेतो. राहिले ७०,०००.

तुमचं नुकसान ३७,००० आणि देऊ केलेत ३५,०००. त्यांचं ७०,००० आणि देऊ केलेत तेवढेच ३५,०००. सगळ्यांना एकच आकडा वाटला की असंच होतं. त्यांच्या आकड्यात आणखी एक गंमत आहे. नुसता पगार धरला तर साडेतीन महिन्यांचे ५२,५०० होतात, त्यातून केटरिंगचे १७,५०० गेले की उरतात ३५,०००. म्हणजे त्या माणसाच्या लेखी वेटरच्या टिपा शून्य. गोव्यात शॅकवर काम केलेल्या कुणालाही विचारा, घर पगारावर चालतं की टिपांवर.

कागदांची बाजू मात्र नेमकी उलटी आहे. तुमच्याकडे पगारपत्रक, बँकेत जमा होणारा पगार, पीएफ सगळं आहे. त्यांच्याकडे काहीच नाही. नुकसान मोठं त्याचा पुरावा लंगडा, आणि पुरावा भक्कम तिचं नुकसान जवळजवळ भरून निघतंय. म्हणून दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

माझं मत असं: तुम्ही पैसे घ्या, पण कागद बदलून. मिस्टरांनी १५ जूनला सही करू नये.

तुमच्या पावतीवर ‘व माझे कुटुंबीय’ हे शब्द खोडायला लावा. ‘पुढे होणाऱ्या’ आणि ‘आजाराबद्दल’ हेही खोडायचं. त्याजागी लिहून घ्या, ‘फेब्रुवारी ते मे या काळातल्या माझ्या पगार व टिपांच्या नुकसानीपोटी’. खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या, आणि एक प्रत तुमच्याकडे. दोन हजारांच्या फरकासाठी मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही. पण हे शब्द खोडायला तो तयार नसेल तर तुम्हीही सही करू नका. तेव्हा तो ३५,००० देत नसतो, ७०,००० चा दावा निम्म्यात विकत घेत असतो आणि वर तुमचा फुकटात. आणि सरकारी दवाखान्यात हात दाखवून केसपेपर घ्या, या आठवड्यातच.

सही करून मोकळं होण्याची किंमत काय असते ते अमेरिकेत दिसलंय. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट झाला. ११ कामगार गेले, तेल ८७ दिवस वाहत राहिलं. बीपी कंपनीने २० अब्ज डॉलरचा निधी ठेवला आणि दाव्यांचं काम केनेथ फाइनबर्ग या वकिलाकडे गेलं. तिथेही किनाऱ्यावरच्या हॉटेल-रेस्टॉरंटातले वेटर, बारटेंडर, खोल्या साफ करणाऱ्या बायका रांगेत होत्या आणि रोख टिपा कागदावर कशा दाखवायच्या हीच त्यांची अडचण. २०१० च्या डिसेंबरात त्यांना एक झटपट पर्याय दिला गेला: व्यक्तीला ५,००० डॉलर, धंद्याला २५,०००, फारसे कागद नकोत, फक्त पुन्हा दावा करणार नाही अशी सही. गरज होती, अनेकांनी केली. २०१२ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली मोठी तडजोड झाली तेव्हा सही केलेल्यांना, थोडे अपवाद सोडले तर, दार बंद होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्याचं नुकसानच ५,००० च्या आसपास होतं त्याने बरोबरच केलं. तुम्ही त्या गटात बसता, मिस्टर बसत नाहीत.

पण तिथला २० अब्जांचा आकडा ऐकून इथे आशा लावू नका. तिथे एक श्रीमंत कंपनी होती आणि मागे लागलेलं सरकार होतं. आपल्याकडे जहाजाच्या मालकाला आपली एकूण जबाबदारी जहाजाच्या आकारमानानुसार मर्यादित करून घेता येते. दावे त्याहून जास्त झाले तर सगळ्यांच्या वाट्याला कमी येतं. तेलवाहू टँकर असता तर टँकरच्या तेलगळतीची भरपाई देणाऱ्या १९९२ च्या आंतरराष्ट्रीय निधीचं दार ठोठावता आलं असतं, पर्यटनावर पोट असलेल्यांचे दावे तो निधी विचारात घेतो. तुमच्या किनाऱ्याला लागलं ते मालवाहू जहाजाचं स्वतःचं इंधन, त्यामुळे तो रस्ता नाही. केरळजवळ मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा राज्य सरकारने ९,५३१ कोटी मागितले होते. दाव्यापोटी कोर्टात ठेवायचं तारण उच्च न्यायालयाने ठरवलं १,२२७ कोटींच्या घरात. राज्य सरकारच्या मागणीचं हे होतं, तर ‘दोन-दोन लाख काढून देतो’ म्हणणाऱ्याचं काय होईल ते बघा.

त्या ३० टक्केवाल्याबद्दल इतकंच. तो वकील असेल तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या पैशात वाटा घ्यायला त्याला मनाई आहे. वकील नसेल तर तुमच्या वतीने कोर्टात उभं राहायचा त्याला अधिकार नाही. विधी सेवा कायद्याखाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि कामगारांचंही नाव त्या यादीत आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दोघांनी अर्ज करा. मी वकील नाही, तेव्हा कागदातली खाडाखोड सही करण्याआधी तिथल्याच वकिलाला दाखवा.

१५ जून ही तारीख त्या माणसाची आहे, कायद्याची नव्हे. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, भरपाईचा अर्ज घटना घडल्यापासून पाच वर्षांत करता येतो, आणि कायद्याच्या परिशिष्टात धंदा किंवा रोजगार बुडणं हे भरपाईचं कारण म्हणून नोंदलेलं आहे. पीठ पुण्याला आहे. फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, कमीत कमी १,००० रुपये, म्हणजे ७०,००० च्या दाव्याला हजारच. मात्र वेळ लागतो. मुंबईजवळ एमव्ही राक हे मालवाहू जहाज ऑगस्ट २०११ मध्ये बुडालं, लवादाने १०० कोटींची भरपाई ठरवली ती २०१६ मध्ये, आणि तेही पर्यावरणाच्या हानीचे, कुणाच्या बुडालेल्या पगाराचे नव्हेत. जहाजांचं काम किती सावकाश चालतं हे गोव्याला सांगायची गरज नाही. कांदोळीला जून २००० मध्ये रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस हलायला बारा वर्षं लागली.

म्हणून मिस्टरांनी थांबायचं ते खटल्याच्या आशेवर नाही, घासाघीस करायला. दीड वर्ष थांबावं लागलं असं धरू. ३५,००० वर १२ टक्क्यांनी ६,३०० व्याज, म्हणजे आजचे ३५,००० सोडायचे तर पुढे ४१,३०० च्या वर मिळायला हवेत. टिपांपैकी महिन्याला ४,००० जरी दाखवता आल्या तर साडेतीन महिन्यांचे १४,००० धरून त्यांचा आकडा ४९,००० होतो. तेव्हा मागायचे ७०,०००, आणि ५०,००० वर आला तर सही करून मोकळं व्हायचं. ४५,००० म्हणाला तरी मी फार ताणणार नाही. शॅकवाले आठ-दहा वेटर असतील तर सगळ्यांनी एकाच कागदावर मागणी लिहा, एकट्या वेटरला तो दारातूनच परत पाठवेल. धोका आहे. तो माणूस खरंच निघून गेला आणि पुढे काहीच मिळालं नाही, असं होऊ शकतं. तेवढा धोका तुमचं घर सोसू शकतं का, हाच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्या पावसाळ्याच्या खर्चात आहे.

महिन्याचा खर्च २१,०००, त्यात सोन्याचं ९०० व्याज आलं. तुमचा अर्धा पगार ८,२५०, मिस्टरांचे भातलावणीचे आणि इकडचे-तिकडचे ६,०००. तूट ६,७५०, चार महिन्यांची २७,०००. मुलांच्या शाळेचे ६,०००. झाले ३३,०००. तुमचे ३५,००० नेमके इथे लागतात, गणेशचवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांना, वर दोन हजार राहतात. सोनं आता सोडवायला जाऊ नका. १२ टक्क्यांचं कर्ज फेडून हात रिकामे केलेत तर श्रावणात शेकडा तीन रुपये महिन्याने खासगी सावकाराकडे जाल, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पतसंस्थेत व्याज वेळेवर भरत राहा, सोनं तिथे सुरक्षित आहे. सासूबाईंची म्हण खोटी नाही, पण हातचं आलंय ते तुमच्या हातात, आणि पावसाळा त्यावर निघतोय. मिस्टरांना थांबायची सोय तुमच्याच सहीने होते.

ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर हाताच्या त्रासाचे उपचार तिथेच घ्या, खर्च वाचेल.

राहिला पुरावा, आणि त्याला सबब नको. फोनपे, गुगल पेवर आलेल्या टिपांचं या आणि गेल्या सीझनचं स्टेटमेंट बँकेतून काढा. रोखीच्या टिपा काही दिवसांआड बँकेत भरल्या असतील तर पासबुकात त्या तारखा दिसतील. शॅकमालकाकडून पगार आणि कामाचे दिवस लिहून घ्या. त्याचाही दावा आहे, तो नाही म्हणणार नाही. ड्युटी कळवणारा व्हॉट्सॲप ग्रुप पुसू नका. तेलाचे तारखेसकट फोटो वेगळे जपून ठेवा, कारण समोरचा हमखास म्हणेल की डांबराचे गोळे गोव्याच्या किनाऱ्याला दर वर्षी लागतात. लागतात, पण सहसा मे महिन्यापासून पुढे, नैर्ऋत्येचा वारा सुटला की. तुमचं तेल फेब्रुवारीत आलं.