जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं मासिक वार्तापत्र काढायचं आहे. त्यात काय असावं? पालक ते वाचतील का?

वाचतात. आपल्या पोराचं नाव त्यात असेल आणि मजकूर पोरानंच लिहिलेला असेल, तर दोनदा वाचतात. 'जयंती मोठ्या उत्साहात साजरी करण्यात आली' हे मात्र कोणी वाचत नाही.

तुम्ही लिहिलंय की शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक तिघं, आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की महिनाभरातल्या उपक्रमांचा अहवाल फोटोंसकट छापला की झालं वार्तापत्र. मी बीड जिल्ह्यात एका द्विशिक्षकी शाळेवर आहे आणि आमचा अंक दर महिन्याला निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अहवाल वर जातो, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडे, तिथून तालुक्याला. त्यात प्रतिमापूजन कोणाच्या हस्ते, अध्यक्षस्थानी कोण, सूत्रसंचालन कोणाचं आणि आभार कोणी मानले एवढं आलं की भागतं. नावं बदलली की तोच मजकूर ३ जानेवारीला चालतो आणि १४ एप्रिललाही. घरी जाणारा कागद असा असून चालत नाही. सावित्रीबाई जयंतीची बातमी आमच्याकडे चौथीतल्या एका मुलीनं अशी दिली होती: "यंदा दोघी सावित्रीबाई झाल्या होत्या. एकीचं लुगडं भाषण करतानाच सुटलं. तिनं ते एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं हातवारे करत भाषण पूर्ण केलं." छापण्याआधी लुगडंवालीला विचारलं. ती म्हणाली, छापा, पण भाषण पुरं केलं ते गाळू नका. अध्यक्ष कोण होते हे बातमीत नव्हतं आणि ते कोणी विचारलंही नाही.

आता बातम्या आणायच्या कुठून? त्यासाठी वेगळा तास काढू नका, परिपाठ आहेच. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाले की एक मूल वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचतं. बहुतेक ठिकाणी त्या दिल्ली-मुंबईच्या असतात आणि वाचणाऱ्याला त्यातलं काही उमगलेलं नसतं. आम्ही तिथेच 'आपली बातमी' जोडली. दोन किंवा तीन ओळी, काल शाळेत, वस्तीवर किंवा शेतात काय घडलं त्याच्या. त्या एका जाड वहीत लिहायच्या, खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. पाळी हजेरीपटाच्या क्रमानं, म्हणजे फक्त हुशार मुलांचंच चालत नाही. महिनाअखेरीला वही उघडली की अंकाचा निम्मा मजकूर तयार असतो. चौथी-पाचवीची मुलं त्यातून निवड करतात आणि निवडीवरून भांडतातही. भांडू द्या, मात्र शेवटचा शब्द तुमचा ठेवा.

लिहिताना मुलांना प्रश्नांची शिडी द्या: कोण, काय, कुठं, कधी, किती, आणि मग काय झालं? यातला 'किती' हा प्रश्न फार कामाचा आहे. वृक्षारोपणाची बातमी प्रत्येक शाळा जुलैत देते. आमच्या मुलांनी पुढच्या जुलैत मोजून लिहिलं की गेल्या वर्षी लावलेल्यांतली किती झाडं जगली, किती शेळ्यांनी खाल्ली आणि किती पाण्यावाचून गेली. अंक घरोघर पोचल्यावर शेळ्यावाल्या एका आजोबांनी न सांगता बाभळीच्या फांद्या आणून कुंपण घातलं.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचा तांदूळ १०० ग्रॅम धरतात. आज ५८ मुलं हजर तर तांदूळ ५ किलो ८०० ग्रॅम. हा हिशोब पाचवीच्या पोरांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींसोबत उभं राहून करायचा आणि मावशींची मुलाखतही घ्यायची. किती वाजता येता, चूल कशी पेटवता, कोणत्या वारी मुलं जास्त जेवतात, ताटात काय उरतं? आमच्या मावशींनी सांगितलं की मटकीच्या दिवशी पातेलं रिकामं होतं आणि उपासाच्या दिवशी निम्मं उरतं. इतकी वर्षं शाळेत राबणाऱ्या बाईचं नाव छापून आलेलं तिच्या घरच्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तो अंक त्यांच्या देवघरात आहे.

वर्षभराचं म्हणाल तर शाळेचा महिनाच विषय देतो. जूनमध्ये प्रवेशोत्सव, नवी पुस्तकं, पहिलीत आलेल्यांनी स्वतः काढलेली स्वतःची चित्रं. आषाढीला दिंडी, मग पोळा, ५ सप्टेंबरचा स्वयंशासन दिन. त्या दिवशी मुख्याध्यापक झालेल्या पोरीनं काय काय हुकूम सोडले हे छापाच, मोठ्यांना आरसा दिसतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या अंकात कोणी कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं आणि का, हे विचारा. सगळ्यांनी सगळं आवडीनं वाचलं असं कधी होत नाही. डिसेंबरात केंद्रस्तरावरच्या खो-खो-कबड्डीच्या स्पर्धा, सहल, जानेवारीत गॅदरिंग, २७ आणि २८ फेब्रुवारीला मराठी भाषा आणि विज्ञान लागोपाठ. या दिवसांवर मी वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना माहीत आहेत.

बाल आनंद मेळाव्यासाठी मात्र अर्धं पान राखा. मुलं घरून भाजी, बोरं, शेंगा, भेळ आणून शाळेच्या आवारात बाजार मांडतात. ती विक्री म्हणजे तयार गणित आहे आणि तयार बातमीही. तिसरीतल्या एकानं मेथीच्या जुड्या दहा-दहा रुपयांना लावल्या, दुपारनंतर पाच-पाचला काढल्या आणि लिहिलं, "सर फुकट मागत होते. दिली नाही." आमच्या सरांनी ते हसत हसत छापू दिलं. तुमचे मुख्याध्यापक काय करतील, तुम्हीच ओळखा.

आमच्या भागात दिवाळीनंतरचे अंक वेगळे असतात. ऊसतोडीला कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात आणि त्यांच्यामागे मुलंही, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाही. ती परततात मार्च-एप्रिलात, साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे काय लागतं ते सोडा, अंकात ती गैरहजर नसतात. 'कारखान्यावरून' असं एक सदर आम्ही ठेवलंय. मुलं बापाच्या फोनवरून आवाजी निरोप पाठवतात, इथली मुलं तो ऐकून उतरवून घेतात. एकानं कोपीतून, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीतून, सांगितलं होतं: "इथं कोप्या एका रांगेत आहेत. रात्री गाडी भरायला सगळे उठतात, मी बहिणीला धरून बसतो. जवळच्या शाळेत दोन दिवस गेलो, तिथले सर चांगले आहेत, पण मधल्या सुट्टीत मला कोणी ओळखत नाही." आम्ही एक शब्द बदलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गातल्या पोरांनी त्याला एकामागून एक इतके निरोप पाठवले की बापानं फोन करून विचारलं, काय झालं म्हणून.

तुमच्या गावात ऊसतोड नसेल. पण वीटभट्टी असेल, मेंढरं घेऊन फिरणारी घरं असतील, आईवडील मुंबई-पुण्याला आणि मूल आजीजवळ असं असेल. त्यांच्यासाठी जागा ठेवा.

पुढचं कामाचं. ए-फोर कागद, दोन्ही बाजू, बस. जास्त पानं केलीत तर तिसऱ्या महिन्यात बंद पडेल. मजकूर मुलांच्या अक्षरातच ठेवा, टाइप करू नका. काळ्या जेल पेननं लिहून घ्या, पेन्सिल आणि निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी येते. चारी बाजूंनी बोटभर समास सोडा, नाहीतर मशीन कडेची अक्षरं खातं. फोटो झेरॉक्सवर काळे डाग होतात, त्यापेक्षा मुलांनी काळ्या रेघांनी काढलेली चित्रं छान उठतात आणि पहिली-दुसरीलाही काम मिळतं. खर्च आमच्या तालुक्याच्या गावी महिन्याला शंभर-दीडशेच्या आत बसतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा ठराव करून घ्या म्हणजे दरवेळी कोणाच्या खिशात हात घालावा लागत नाही.

पीडीएफ ग्रुपवर टाकाच, पण त्यावर विसंबू नका. फोन बापाबरोबर कामावर जातो, घरी कागदच लागतो. एक प्रत डेअरीच्या भिंतीवर लावा. दूध घालायला आलेली माणसं दुधाची फॅट मोजून होईपर्यंत नाहीतरी उभीच असतात.

शुद्धलेखन किती तपासायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या अंकाला विचाराल. ऱ्हस्व-दीर्घ मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. वाक्याला हात लावू नका. आणि कोणी बोललेलं अवतरणात असेल तर 'व्हतं', 'म्हन्ली' तसंच राहू द्या. आजी बोलली तशीच बोलली. आमच्या एका शिक्षकमित्राचं मत याच्या उलट आहे, शाळेच्या कागदावर प्रमाण भाषाच हवी म्हणतो. त्याचे अंक मी वाचते. स्वच्छ असतात, पण पाचही वर्गांची मुलं एकाच आवाजात बोलतात.

काही गोष्टी मात्र अजिबात नकोत. गुण आणि क्रमांक नकोत, चारचौघांत लागणारा निकाल एका पोराला चढवतो आणि बाकीच्यांना बसवतो. गणवेश, वह्या किंवा सायकल हातात घेऊन देणाऱ्याशेजारी उभ्या केलेल्या मुलाचा फोटो तर मुळीच नको. दात्याचे आभार एका ओळीत माना, मुलाचा चेहरा कशाला? आजार, दिव्यांगत्व, घरातली भांडणं यांतलं काही बातमीवहीत आलं तर ते तिथेच राहू द्या आणि त्या मुलाशी स्वतंत्र बोला. फेसबुकवर शाळेचं पान असेल तर तिथे पूर्ण नाव, इयत्ता आणि चेहरा एकत्र टाकू नका, आणि पालकांना आधी विचारा.

ही कल्पना काही माझी नव्हे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या गावच्या मास्तरांनी १९२४ च्या सुमारास वर्गात छोटा छापखानाच आणला होता. मुलांनी लिहिलेलं मुलंच जुळवायची, छापायची आणि लांबच्या दुसऱ्या गावातल्या शाळेला पाठवायची, तिकडून त्यांचं यायचं. अंकांची ही अदलाबदल तुम्ही जरूर करा, आणि शक्यतो अगदी वेगळ्या मुलखातल्या शाळेशी. आमची जोडी कोकणातल्या एका शाळेशी आहे. त्यांच्या मुलांनी जुलैत लिहिलं की सलग इतके दिवस पाऊस आहे की दप्तराला बुरशी आली. आमच्या पोरांचा यावर विश्वासच बसेना, कारण त्याच महिन्यात आमच्या अंकात टँकरची बातमी होती.

पालक वाचतील का, याला अजून एक उपाय आहे. ज्या दिवशी अंक घरी जातो त्या दिवशीचा गृहपाठ एकच: घरी मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्यानं काय म्हटलं ते एका ओळीत लिहून आणायचं. ज्या घरात कोणाला वाचता येत नाही तिथेही अंक असा पोचतो. या ओळी पुढच्या अंकात जातात. शाळेत पाण्याची टाकी बसल्याची बातमी ऐकून एका आजीनं कळवलं, "आमच्या येळंला आडाचं पानी शेंदून गुर्जींचा माठ भरावा लागायचा, अन् तो पोरींनीच भरायचा." त्यावर पाचवीतल्या मुलींनी पुढच्याच अंकात विचारलं की आता वर्ग झाडायची पाळी फक्त पोरींवर का येते. तेव्हापासून पाळीपत्रक बदललंय, त्यात मुलगेही आहेत.

राहिला तुमच्या मुख्याध्यापकांचा अहवाल. तो त्यांना द्यावाच लागतो, त्यात त्यांचा दोष नाही. बातमीवहीत तारीख आणि उपक्रम दोन्ही असतातच, त्यावरून महिन्याचा तक्ता अर्ध्या तासात होतो, आणि अंकाची एक प्रत सोबत जोडली की फाईलही पूर्ण. त्यांना हे आधी सांगा, अंकाची परवानगी नंतर मागा.