तिन्हीसांजेचा पेला

"ताई, भात अर्ध्यावर आणला, चहातली साखर सोडली, रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालते. तरी काटा हलत नाही. संध्याकाळी थोडीशी वाइन घेते मी. त्याने काय होतं का हो?"

वजन उतरवण्याचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी हे विचारलं ते निघताना, पर्स खांद्याला लावून झाल्यावर. त्याआधीचा तास आम्ही आहार, पाळीच्या तक्रारी आणि गुडघेदुखी यांवर घालवला होता. मी त्यांना परत बसायला सांगितलं.

त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ४७, घर रत्नागिरीत. नवरा बोटीवर, एकदा गेला की सहा-सात महिने घरी नाही. मुलगी गेल्या वर्षी पुण्याला शिकायला गेली. घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात ८० चे ७८ झाले आणि नंतरचे तीन महिने काटा तिथेच अडकला. रोज काय खाता हे त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं. काय पिता हे कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची त्यांची छाती नव्हती.

"थोडीशी म्हणजे किती?"

"एकच ग्लास. कधीतरी वर घोटभर. आणि वाइन म्हणजे काही दारू नाही ना."

हे वाक्य मी फार ऐकते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा युक्तिवाद घराघरांत पोचला. शरीराला हा भेद कळत नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतं आणि ते व्हिस्कीतल्या, फेणीतल्या अल्कोहोलसारखंच अल्कोहोल असतं.

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी तो ग्लास घेऊन या.

पुढच्या भेटीत त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा पेला काढला. काठाला छोटासा पोचा, खाली सासऱ्यांचं नाव कोरलेलं. काचेचा ग्लास का नाही, हे विचारावं लागलं नाही. लाल रंग, स्टीलचा पेला. सासूबाईंनी विचारलंच तर कोकम सरबत. मी त्यात पाणी ओतायला लागले आणि म्हटलं, रोज भरता तिथे थांबवा. त्यांनी हात वर केला तेव्हा पेला काठाला बोटभर कमी होता. ते पाणी आम्ही १०० मिलीच्या मापाने मोजलं. दोन मापं भरली आणि तिसरं अर्ध्याच्या जवळ गेलं. २४० मिली.

"हा एक ग्लास?" त्यांनीच विचारलं.

हॉटेलात मिळणारा वाइनचा एक ग्लास साधारण १५० मिलीचा असतो. म्हणजे त्यांचा एक पेला दीडपटीहून मोठा, वर तो घोटभर वेगळा. मग मी महिन्याच्या बाटल्या विचारल्या. दुकानात त्या स्वतः जात नसत. ओळखीचा रिक्षावाला कागदात गुंडाळून आणून द्यायचा आणि रिकाम्या बाटल्या परसातल्या खोपीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे जायच्या. घरी जाऊन त्यांनी मोजल्या आणि रात्री मला मेसेज केला: एप्रिलपासूनच्या २९, आणि आज मे संपतोय.

दोन दिवसांना एक बाटली. ७५० मिलीचे दोन भाग, रोजचे ३७५ मिली. त्यात अल्कोहोल सुमारे ३७ ग्रॅम. एका ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं यांच्यातून ४, तेल-तुपातून ९. म्हणजे नुसत्या अल्कोहोलच्या २६० कॅलरी आणि वाइनमधली थोडी साखर धरून तीनशेच्या आसपास. गोड पोर्ट वाइन असेल तर आणखी. तांदळाच्या दोन भाकऱ्यांचा हा ऐवज. त्यांनी जेवणातली एक भाकरी मोठ्या निग्रहाने सोडली होती.

कॅलरी हा हिशेबाचा एक भाग झाला. यकृताला अल्कोहोल साठवून ठेवता येत नाही, म्हणून ते आधी त्याचा निपटारा करतं आणि तेवढा वेळ चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. ३७ ग्रॅमला चार-पाच तास सहज लागतात. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते. पेल्यासोबत डब्यातले मूठभर काजूगर आणि चुलीवर भाजलेला सुका बोंबील असायचा, कारण दारूने भूक चाळवते. मूठभर काजू म्हणजे दीड-दोनशे कॅलरी. आणि रात्री तीनला जाग. ही जाग पाळी जायच्या वयाची, असं त्यांनी धरलं होतं. तेही असेल. पण दारूने झोप पटकन लागते आणि पहाटेकडची झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त हवंसं वाटतं.

"पण रेड वाइन हृदयाला चांगली असते, हे म्हणतात." हे म्हणजे नवरा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. दारू कॅन्सर घडवते हे तर १९८८ पासून नोंदलेलं आहे, आणि बायकांच्या बाबतीत त्यात स्तनाचा कॅन्सरही येतो. यकृतावर चरबी दिसलेल्या बाईने हृदयासाठी वाइन घेण्यात काही अर्थ नाही, हे मी त्यांना सरळ सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी हाच प्रश्न घेऊन वाचत असाल तर तुम्हालाही सरळ सांगते. आठवड्यात एखाद्या वेळी, मापून १५० मिली घेतलीत आणि ते खाण्याच्या हिशेबात धरलंत तर वजन उतरायचं थांबत नाही. रोज, न मोजता, दिवसाचा शीण जावा म्हणून घेत असाल तर वजनाचा प्रश्न दुसरा. आधी त्या पेल्याकडे बघू या. आणि एखाद्या दिवशी घेतली नाही तर हात कापतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, असं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. अशा वेळी फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

त्यांना तसला त्रास नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी आम्ही सोडवली. तिच्यात ८ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याकडे झुकलेलं. त्यांचे १२ आले. त्या रडल्या, आणि रडताना जे म्हणाल्या ते मी अजून विसरले नाही. "गावात कोण पुरुष पिऊन पडला तर लोक त्याला उचलून घरी नेतात. माझं कळलं तर मला कोण उचलेल?"

कोकणात बाईचं पिणं कुजबुजीतच राहतं आणि त्यापायी ती माझ्याकडे पोचायला फार उशीर होतो. मला याचा त्रास होतो.

पहिल्या आठवड्यात मी काहीच सोडायला सांगितलं नाही. फक्त वहीत लिहायचं: किती वाजता, किती माप, आणि पेला भरायच्या आधीची पाच मिनिटं काय चाललं होतं. जूनचा पहिला आठवडा होता. समुद्र बंद झालेला, मासळी बाजारात शुकशुकाट, पावसाने संध्याकाळी चारलाच अंधारून यायचं. वहीत सातही दिवस एकच वेळ होती, सव्वासात. देवापाशी दिवा लावून झाला, सासूबाई सीरियलसमोर बसल्या, आणि बोटीवरून फोन यायचा असतो ती वेळ. बोट रेंजमध्ये असली तर येतो. नसली तर नाही.

मग सगळं उलगडत गेलं. पहिला ग्लास दोघांनी मिळून घेतला होता, तो सुट्टीवर असताना, गच्चीवर. मुलगी झोपल्यावर दोघंच, समोर काळोखात होड्यांचे दिवे. तो परत गेला आणि यांनी तीच वेळ, तीच वाइन चालू ठेवली. "ती सोडली तर त्याची वाट बघणंच सोडल्यासारखं वाटतं." इथे कॅलरीचा तक्ता काय कामाचा?

बदल आम्ही बारीक ठेवले. जेवण साडेनवाऐवजी साडेसातला, कारण रिकाम्या पोटी पेल्याची ओढ जास्त असते. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पूर्ण बंद. बाकी दिवशी काचेचा ग्लास, १५० मिलीवर नेलपॉलिशची रेघ. त्या वेळी हातात काहीतरी लागतंच, म्हणून मी बिनसाखरेचं कोकम सुचवलं. ते सपशेल फसलं. तोच रंग दिसला की जीव तिकडेच धावायचा. मग त्यांनीच आलं-लिंबू घातलेलं गरम पाणी कपातून घ्यायला सुरुवात केली, आणि तो स्टीलचा पेला फडताळात वरच्या फळीवर गेला.

काचेचा ग्लास आला तेव्हा सासूबाईंपुढे लपवायची सोय संपली. सांगायला त्यांना तीन आठवडे लागले. सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "कोकमाला असा वास येतो होय गो? मला वाटलं, तुझं तू सांगशील." आणि उद्यापासून जेवायला मीही साडेसातलाच बसते, म्हणाल्या.

गणपतीत सगळा नूर पालटला. मुंबईचे चाकरमानी आले, मुलगी आली, घरात बावीस माणसं. देव घरात म्हणून बाटली नाही, आणि एवढ्या दिवसांत एकदाही आठवण झाली नाही. मोदक खाऊनही काटा वर गेला नव्हता. मात्र विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने सगळे परतले, आणि त्या रात्री त्यांनी अख्खी बाटली संपवली. सकाळी मला फोन केला तेव्हा आवाज पार खाली गेला होता. "सगळं पाण्यात गेलं, ताई."

मी म्हटलं, आज संध्याकाळी सातला घरात कोण आहे ते आधी सांगा. त्या दिवसापासून मुलगी रोज सव्वासातला पुण्याहून फोन करते, दहाच मिनिटं. नवऱ्याला त्यांनी महिन्याभराने सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "मी बोटीवर पीत नाही, आणि तू घरी एकटी पितेस. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

डिसेंबरात तो सुट्टीवर आला. गच्चीवर दोघं बसतात. महिन्यातून दोनदा एकेक ग्लास, रेघेपर्यंत, बाकी वेळी नुसतेच. फेब्रुवारीत वजन ७३ किलो ६०० ग्रॅम भरलं. तीनची जाग अजून अधूनमधून येते, त्यासाठी त्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटल्या. सोनोग्राफी मे महिन्यात पुन्हा आहे, आणि या वेळी डॉक्टरांना पिण्याचं खरं माप सांगायचं हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. आमची पुढची भेट शिमग्यानंतर. घरी पालखी येते, तोवर त्यांना सवड नाही, आणि त्याच वेळी नवरा परत बोटीवर जायचा आहे. म्हणून ती तारीख त्यांनी मुद्दाम त्याच्या निघण्याच्या दुसऱ्या दिवशीची मागून घेतली, संध्याकाळी सातची.